हिल्काचं ‘चालतंय’

आमच्या उत्तरेकडच्या थंड देशात, ओउलू शहराच्या बंदराजवळ तिसऱ्या मजल्यावर अकरा माणसांची एक कंपनी आहे. तिथे हिल्का तोल्वानेन नावाची अठ्ठावन्न वर्षांची बाई काम करते, आणि तिचं सगळं काम एका शब्दावर चालतं. तो शब्द म्हणजे ‘चालतंय’. कंपनीने बनवलेली कुठलीही नवी वस्तू हिल्काने ठोकून, वाकवून, उलटीपालटी करून पाहायची आणि मग यादीत आपल्या नावापुढे हा शब्द लिहायचा. त्याशिवाय ती गिऱ्हाइकाकडे जात नाही. ‘झकास’, ‘अप्रतिम’ असं आमच्याकडे कुणी म्हणत नाही. म्हणालंच, तर ऐकणारा मनात म्हणतो, याला काय विकायचंय. ‘चालतंय’ ही आमच्याकडची वरची पायरी. त्याच्या वर पायरीच नाही.

हिल्काने असे तीनशेबारा ‘चालतंय’ आजवर दिले होते. एकही परत आला नव्हता.

तिला मात्र आयुष्यात कुणी हा शब्द दिला नव्हता. वडील तिकडे पूर्वेला, कोर्पिवाराच्या जंगलपट्टीत रेनडिअर पाळायचे. ते मुलांशी बोलायचेच कमी, तर कौतुक कुठून करणार. पुढे एकोणीस वर्षं ती फोनच्या कारखान्यात बटणं तपासायला होती. दिवसाला हजारो बटणं अंगठ्याने दाबायची, आणि कुठलं बटण महिन्याभरात रुसणार ते तिच्या अंगठ्याला आधीच कळायचं. कारखाना बंद झाला तेव्हा सगळ्यांना सारखंच पत्र आलं. सत्तेचाळिसाव्या वर्षी ती पोरासोरांबरोबर वर्गात बसून नवं काम शिकली. नवऱ्याने विचारलं, “जमेल का तुला?” ती म्हणाली, “न जमायला काय झालं? बटणं तीच आहेत, फक्त आता दिसत नाहीत.”

कंपनी बनवते त्याचं नाव हिहना. हिहना म्हणजे रेनडिअरला धरून न्यायचा पट्टा. हे काही तुम्ही-आम्ही फोनवर उघडून बघायचं ॲप नाही. ॲप बनवणाऱ्या प्रोग्रामर लोकांना लागणारी ही हत्यारं आहेत. पुष्कळ माणसांनी एकाच यादीत, एकाच कागदावर, एकाच वेळी लिहायचं असेल, तर कुणी काय लिहिलं ते सगळ्यांच्या फोनवर पोचवायचं, क्लाउडमध्ये जपून ठेवायचं, कुणाचं काही सांडू द्यायचं नाही, ही सगळी उठाठेव हिहना करतं. भाकऱ्या दुसरे भाजतात, हे फक्त तवा देतात. पण तवाच वाकडा निघाला तर भाकरी कुणाची धड होणार?

त्या जूनमध्ये हिहनाची नवी आवृत्ती तयार झाली होती. नवं काय, तर आता नेटवर्क नसलं तरी लिहिता येणार होतं. फोन आपल्यापुरती एक प्रत जवळ ठेवणार, माणूस तिच्यात लिहिणार, आणि नेटवर्क मिळालं की सगळ्यांच्या प्रती आपोआप जुळून एक होणार. हा जुळणीचा भाग ओनेर्वाने लिहिला होता. ओनेर्वा म्हणजे कंपनीतली सगळ्यांत हुशार मुलगी. वय एकोणतीस, बोलणं कमी, आणि डोकं असं की तिने लिहिलेलं तपासताना हिल्कालाही दोनदा कॉफी घ्यावी लागायची.

या आवृत्तीची वाट बघत बसली होती साइमी. ती एकटीच काम करणारी प्रोग्रामर. तिचे वडील काउको मात्ता हे कोर्पिवाराच्या रेनडिअरवाल्यांचे कारभारी. साइमीने हिहना वापरून त्यांच्यासाठी एक ॲप बनवलं होतं, पाडसांच्या यादीचं. दर उन्हाळ्यात कळप कुंपणात आणतात, प्रत्येक पाडसाच्या गळ्यात नंबराचा बिल्ला बांधतात आणि पुन्हा कळपात सोडून देतात. मग सगळे मालक कुंपणाला टेकून, दुर्बिणी लावून बघत राहतात, की कुठल्या नंबरचं पाडस कुणाच्या मादीला पितंय. जो बघतो तो वहीत लिहितो. शेवटी पाडस पकडून मालकाच्या खुणेप्रमाणे त्याचा कान कापायचा. या वर्षी वह्यांऐवजी फोन येणार होते. कुंपणापाशी नेटवर्क नाहीच, म्हणून नवी आवृत्ती हवी. मंगळवारी काम सुरू. आणि मधे युहान्नुस, उन्हाळ्याच्या मध्याचा सण, म्हणजे शुक्रवारपासून अख्खा देश आपापल्या तळ्याकाठच्या झोपडीत. त्या तीन दिवसांत ओउलूत आग लागली तर विझवायलाही माणूस शोधावा लागेल.

म्हणजे हिल्काचा शब्द बुधवारपर्यंत यायला हवा होता. आणि तो येत नव्हता.

“अडलंय कुठे?” कंपनीचा मालक याल्मारी विचारायला आला. चौतिशीचा, उंच, सायकलवरून येणारा, भला माणूस. पण भल्या माणसाला घाई झाली की तो जास्तच गोड बोलतो. “नऊ हजार चाचण्या आहेत, हिल्का. यंत्र चार मिनिटांत करतं. सगळ्या पास, सगळ्या हिरव्या.”

“बघितल्या मी.”

“तूही आठ दिवस बघतेयस. काही सापडलं?”

“नाही.”

“मग?”

“घोडं कुठे पेंड खातंय ते कळत नाही,” हिल्का म्हणाली. “पण खातंय.”

याल्मारी तिच्या टेबलाच्या कडेवर टेकला. तेव्हाच तिला कळलं की हा दुसरंच काहीतरी सांगायला आलाय. आमच्याकडे माणूस बोलायला म्हणून बसला, की समजावं बातमी वाईट आहे.

“ऑगस्टपासून आपण असं करतोय,” तो म्हणाला, “की सगळ्या चाचण्या हिरव्या झाल्या की आवृत्ती आपोआप बाहेर जाईल. कुणाच्या शब्दासाठी थांबायचं नाही. तू गिऱ्हाइकांची पत्रं बघशील. तुझं बोलणं चांगलं आहे.”

“माझं?” हिल्का म्हणाली. “तू माझ्याशी बोललायस ना कधी?”

तो हसला. ती हसली नाही. तिला वाईट वाटलं, चांगलंच वाटलं. पुन्हा एक पत्र आलं होतं, फक्त या वेळी ते सायकलचं हेल्मेट हातात घेऊन समोर बसलं होतं. पण रडगाणं गाणारी ती बाई नव्हे. तिने एवढंच म्हटलं, “ऑगस्ट अजून आलेला नाही. आज बुधवार आहे, आणि आज माझा शब्द लागतो.”

तपासणीची तिची एक खास जागा होती. तळमजल्यावर इमारतीचं सौना, म्हणजे वाफेच्या अंघोळीची खोली आहे. त्याच्या लाकडी भिंतींमागे वाफ अडवायला चांदीसारखा पत्रा लावलेला असतो, आणि त्या पत्र्यामुळे आत फोनला नेटवर्क मुळीच येत नाही. दिवसा सौना थंड असतं. ओउलूतली ही बहुधा एकच कंपनी असेल जिथली माणसं पूर्ण कपड्यांत, भट्टी न पेटवता, सौनाच्या बाकावर ओळीने बसून फोनवर टाइप करतात. आठ दिवसांत हिल्काने सगळ्यांना तिथे नेऊन बसवलं होतं. सगळ्यांनी यादीत लिहिलं, बाहेर आले, याद्या जुळल्या. एक अक्षर सांडलं नाही.

दुपारी दोनला कॉफीची वेळ. कॉफीच्या खोलीतल्या भिंतीवर एक मोठा स्क्रीन आहे. त्यावर वेलदोड्याचे पाव आणायची पाळी कुणाची त्याची यादी असते, अर्थात हिहनावरच चालणारी. हिल्का आपल्या फोनवरून पुढच्या आठवड्याच्या ओळीत लिहायला लागली, आणि लिहिता लिहिता थांबली. पुढच्या आठवड्यात आपण आहोत की नाही, याचाच ती विचार करत होती. पलीकडे ओनेर्वा फोन हातात धरून उभी होती. मिनिटभर गेलं. ओनेर्वा तशीच उभी.

“तुला काही लिहायचंय का?” हिल्काने विचारलं.

“हो. पुढचा आठवडा मी घेणार होते.”

“मग लिही की.”

“तुझा कर्सर आहे ना तिथे,” ओनेर्वा म्हणाली. “तुझं होऊ दे.”

हिल्काने फोन खाली ठेवला. मग कप खाली ठेवला. मग ती कॉफी न संपवता उठली. इतक्या वर्षांत तिला कॉफी टाकून उठताना कुणी पाहिलं नव्हतं, त्यामुळे खोलीतल्या दोघांनी घड्याळाकडे बघितलं.

तिने दोन वर्षांच्या नोंदी उघडल्या. कंपनीतली माणसं एका ओळीत, एकाच वेळी, एकमेकांवर कितीदा लिहून गेली होती? एकदाही नाही. अकरा माणसं, दोन वर्षं, हजारो ओळी, आणि टक्कर शून्य. बसथांब्यावर दोन माणसांत तिसरा मावेल एवढं अंतर ठेवून उभी राहणारी आमची जात. दुसऱ्याचं बोलणं संपल्यावर मनात तीन आकडे मोजून मगच तोंड उघडायचं, हे आईच्या दुधाबरोबर प्यालेलं. ती माणसं दुसऱ्याच्या ओळीत कशाला पाय घालतील? सौनाच्या अंधारात बसूनसुद्धा प्रत्येकाने आपापली वेगळी ओळ धरली होती. कुणी सांगितलं नव्हतं. सांगावं लागतच नाही.

मग तिने नऊ हजार चाचण्या चाळल्या. त्या ओनेर्वाने लिहिलेल्या. त्यातही पहिला खोटा माणूस एका ओळीत लिहायचा आणि दुसरा खोटा माणूस सभ्यपणे खालच्या ओळीत. यंत्रालासुद्धा आपण शेजारधर्म शिकवलाय, हिल्काच्या मनात आलं, आणि तिला हसू आवरेना.

तिने दोन फोन घेतले. एकाचं घड्याळ दहा मिनिटं पुढे केलं आणि थंड सौनात जाऊन बसली. पुढच्या घड्याळाच्या फोनवर साइमीच्या ॲपमध्ये लिहिलं: पाडस एकशेसत्तेचाळीस, मालक काउको. मग दोन मिनिटं भिंतीकडे बघत बसली. मग दुसऱ्या फोनवर लिहिलं: पाडस एकशेसत्तेचाळीस, मालक आल्मा. आल्मा हे तिला सहज सुचलेलं नाव नव्हतं. कोर्पिवारात आल्मा नावाची एक म्हातारी विधवा होती. तिच्या मोजून नऊ माद्या होत्या, आणि लहानपणी तिने हिल्काला रेनडिअर पकडायचा दोरीचा फास टाकायला शिकवलं होतं.

बाहेर येऊन तिने यादी पाहिली. एकशेसत्तेचाळीस, काउको. बस. आल्माचं नाव कुठेच नाही. खोडल्याची खूण नाही, सूचना नाही, काही नाही. जणू आल्मा कुंपणाला आलीच नव्हती.

तिने ओनेर्वाला बोलावलं आणि पुन्हा सगळं करून दाखवलं. बोलली काहीच नाही. हातच्या कांकणाला आरसा कशाला.

“हे असंच ठरवलंय मी,” ओनेर्वा हळूच म्हणाली. “दोघांनी एकाच जागी लिहिलं तर नंतर लिहिलेलं राहतं. यादी एकच हवी ना. शेवटी काहीतरी एक ठरवावंच लागतं.”

“नंतरचं म्हणजे कुणाच्या घड्याळाने नंतरचं?”

ओनेर्वाने दोन्ही फोन शेजारी शेजारी धरले. तिचा चेहरा उतरला. “पण आल्माचं नंतर होतं,” ती म्हणाली. “आणि तेच गेलं.”

“आणि समजा घड्याळं बरोबर असती, तरी? नंतर बघणाऱ्याचा डोळा खरा आणि आधी बघणाऱ्याचा खोटा, असं कुणी सांगितलं?”

याल्मारी आला. त्याने ऐकून घेतलं, आणि त्याचं ते गोड बोलणं सुरू झालं. “बरं झालं सापडलं. खरंच. पण हे क्वचित होणार, हिल्का. दोन माणसं, तेच पाडस, त्याच वेळी, नेटवर्कशिवाय. शरद ऋतूत दुरुस्त करू. साइमीला मी आज सांगितलंय देतो म्हणून. तिने वह्यासुद्धा मागवलेल्या नाहीत.”

“क्वचित होत नाही,” हिल्का म्हणाली. “कुंपणाला टेकून तीस माणसं त्याच कळपाकडे बघत असतात. त्यांना दुसरं कामच काय असतं?”

“पण त्यांना एक स्वच्छ यादी हवीय. आपण दोन-दोन नावं दाखवली तर म्हणतील, असलं कसलं ॲप, याला साधं ठरवतासुद्धा येत नाही.”

“हिल्का, पूर्ण बदलायला चार दिवस लागतील,” ओनेर्वा मधेच म्हणाली. तिने कुणाचं बोलणं मधे तोडलं, हे त्या दिवसातलं दुसरं नवल.

“चार दिवस म्हणजे युहान्नुस,” याल्मारी म्हणाला. “कुणी नसणार इथे. आणि खरं सांगायचं तर मी मालक आहे. तुझ्या शब्दाशिवायही मी ही आवृत्ती सोडू शकतो.”

“सोड ना,” हिल्का म्हणाली. आवाज चढवला नाही. “बटण तुझ्याजवळ आहे. फक्त माझ्या नावापुढे ‘नाही’ लिहिलेलं राहील, आणि ते मी पुसणार नाही. मी अकरा वर्षांची होते तेव्हा माझ्या वडिलांनी घाईत एका पाडसाचा कान कापला. शेजारी म्हणत होता, थांब, मी पाहिलंय, माझं आहे. बाबा म्हणाले, मीही पाहिलंय. दुसऱ्या दिवशी ते पाडस शेजाऱ्याच्या मादीला पीत होतं, कानावर आमची खूण घेऊन. चौदा वर्षं दोन्ही घरं बोलली नाहीत. दुकानात जायचे वारसुद्धा वाटून घेतले होते. बाबा वाईट नव्हते, याल्मारी. त्यांना फक्त वाटलं, काहीतरी एक ठरवावंच लागतं.”

ओनेर्वाने मान खाली घातली. याल्मारी खिडकीतून बंदराकडे बघत राहिला. आमच्याकडे अशी शांतता पसरली की परका माणूस घाबरतो, पण ती विचाराची असते.

“काउकोला विचारू,” शेवटी हिल्काच म्हणाली. “तवा आपला असला तरी भाकरी त्याची आहे.”

फोन लागला. काउको मात्ता कुठेतरी कुंपणाचे खांब ठोकत होता, मागे हातोड्याचा आवाज येत होता. याल्मारीने आपलं नाव सांगितलं आणि विचारलं, “दोन माणसांनी एकच पाडस आपलं म्हणून लिहिलं, तर यादीत कुणाचं नाव ठेवायचं?”

“दोघांचं,” काउको म्हणाला.

“पण मग ठरवायचं कुणी?”

“पाडसाने. परत कळपात सोडायचं. भूक लागली की जातं आपल्या आईकडे. त्याला सगळं ठाऊक असतं, आपल्यालाच नसतं.” हातोडा दोनदा वाजला. “कान एकदा कापला की शिवता येत नाही, पोरा. तुमच्या यंत्राला सांग, तू ठरवू नकोस, तू लिही.”

“काउको, मी तोल्वानेनांची हिल्का,” हिल्का पुढे झाली. “तुझ्या फोनचं घड्याळ बरोबर आहे का रे?”

“दहा मिनिटं पुढे आहे. मुद्दाम. कारभाऱ्याचं घड्याळ पुढे असावंच लागतं, नाहीतर ही माणसं जेवणवेळेला उगवतील. माझ्या वडिलांचंही पुढेच होतं. का गं?”

“काही नाही. खांब ठोक.”

फोन बंद झाला. ओनेर्वा कपाळाला हात लावून बसली होती. “म्हणजे प्रत्येक भांडणात कारभारीच जिंकला असता,” ती म्हणाली. “दरवेळी. आणि कुणाला पत्ता लागला नसता.”

“त्यालासुद्धा नाही,” हिल्का म्हणाली.

याल्मारीने हेल्मेट उचललं, पुन्हा खाली ठेवलं. भला माणूस होता म्हटलं ना, घाई उतरली की भलेपणा वर यायचा. “चार दिवस,” तो म्हणाला. “पण युहान्नुसला मी कुणाला थांब म्हणणार नाही.”

“मी थांबत नाहीये,” ओनेर्वा म्हणाली. “मी सासरच्या झोपडीवर जाऊन लिहीन. तिथे नेटवर्क नाही, ते तर हवंच आहे. आणि सासरची माणसं करेलियाकडची आहेत. सगळी एकदम बोलतात, एकमेकांच्या तोंडातला शब्द ओढून घेतात. लग्नात मला रडू आलं होतं. आता त्यांच्या हातात फोन देते.”

आणि तसंच झालं. तीन दिवस तळ्याकाठी सासू, दोन नणंदा आणि एक चुलतसासरे खेकडे कुणी किती पकडणार याच्या खोट्या यादीत एकाच ओळीवर तुटून पडले. हंगाम सुरू व्हायला अजून महिना होता, पण भांडायला त्यांना खेकडे लागत नव्हते. ओनेर्वा बाजूला बसून लिहीत होती. आता दोघांनी एकाच जागी लिहिलं की हिहना दोन्ही ठेवायचं, पिवळ्या रंगात, कुणी लिहिलं त्या नावासकट. माणसाने बघून एक खोडेपर्यंत दोन्ही तशीच राहायची. सोमवारी नऊ हजार चाचण्यांत चाळीस नव्या आल्या. त्यांत खोटी माणसं एकमेकांच्या ओळीत बेलाशक घुसत होती. ओनेर्वाने त्या गटाला नाव दिलं होतं ‘सासरचे’.

सगळं हिरवं झालं. हिल्काने सौनात दिवसभर बसून पाहिलं. काही सापडलं नाही, आणि या वेळी घोडं पेंड खात नव्हतं. तरी तिने शब्द दिला नाही. “साइमीला दे,” ती याल्मारीला म्हणाली. “एकटीला. वह्या मात्र नेऊ दे बरोबर. बाकीच्या गिऱ्हाइकांचं कुंपणावरून सांगते.”

मंगळवारी ती स्वतःची गाडी काढून कोर्पिवाराला गेली. डासांनी स्वागत केलं, माणसांनी मान हलवली. दुपारची उष्णता ओसरल्यावर कळप आत आला आणि गोल फिरायला लागला. पाडसांच्या गळ्यात बिल्ले पडले, पाडसं सुटली, आयांच्या हाका आणि पाडसांची उत्तरं यांनी कुंपण भरून गेलं. तीस माणसं कठड्याला टेकली. मधे अंतर ठेवून, अर्थातच. दुर्बीण डोळ्याला, फोन तळहातात. आल्मा आता ब्याऐंशीची होती. ती घडीच्या खुर्चीवर बसली होती आणि तिने फोन दोरीने गळ्यात बांधला होता, पाडसांसारखाच.

नेटवर्क टेकडीवर यायचं. साइमी सगळ्यांचे फोन टोपलीत घालून वर घेऊन गेली आणि जुळलेली यादी घेऊन खाली आली. तीनशेसाठ पाडसं. त्यांतली तीन पिवळी.

दोन पिवळ्यांचा निकाल तिथल्या तिथे लागला. एकाने सहाला आठ वाचलं होतं, दुसऱ्याने डास मारता मारता भलताच आकडा दाबला होता. तिसरं होतं दोनशेबारा, कान कापायला पकडून आणलेलं. त्यापुढे दोन नावं होती: काउको मात्ता, आल्मा. काउकोची वेळ नंतरची होती, दहा मिनिटांनी.

काउकोने यादी दोनदा वाचली. कारभाऱ्याने पाहिलंय म्हटल्यावर आल्मा काय बोलणार? ती आपल्या खुर्चीवरून म्हणाली, “माझा डोळा आता तसा राहिला नाही, काउको. तुझं असेल.”

हिल्काच्या मनात आलं, मागच्या बुधवारी तो शब्द दिला असता, तर आल्माला एवढं म्हणायचीसुद्धा वेळ आली नसती. तिचं नावच उरलं नसतं.

“असेल म्हणून चालत नाही,” काउको म्हणाला. “सोडा त्याला.”

दोनशेबाराला सोडलं. ते कळपाच्या कडेने धावलं, काउकोच्या एका पांढऱ्या मादीपाशी थांबलं, तिला हुंगलं. मादीने शिंग दाखवलं. पाडस वळलं, ओरडलं, आणि पलीकडून एक किरकोळ, तुटक्या शिंगाची मादी चालत आली. कानावर आल्माची खूण. पाडस तिच्या पोटाखाली शिरलं आणि शेपटी हलवायला लागलं.

काउकोने फोन काढला. जाड बोटाने, सगळ्यांसमोर, त्याने आपलं नाव खोडलं. पिवळा रंग गेला. “माझा डोळा चुकला,” तो एवढंच म्हणाला आणि चाकू आल्माच्या हातात दिला. पाडस धरून तिच्यापाशी आणलं, आणि कान आल्मानेच कापला. खुर्चीवरून न उठता, एका झटक्यात.

नंतर काउको शेकोटीकडे गेला आणि दोन लाकडी कप घेऊन आला. चिकाच्या दुधाचं भाजलेलं चीज तुकडे करून त्यात टाकलेलं, वर उकळती कॉफी. एक कप त्याने हिल्काला दिला आणि तिच्या शेजारी कठड्याला टेकला. कळपाकडे बघत बघत त्याने आपली कॉफी अर्धी संपवली.

“ते तुमचं यंत्र,” तो म्हणाला.

“हं.”

“चालतंय.”

हिल्काने मान हलवली. अंगठ्याने कपाची कड दाबत राहिली, उगाचच, एखादं बटण असल्यासारखी. तीनशेबारा वेळा दिलेला शब्द आज पहिल्यांदा आपल्याकडे आला, आणि तो आला तो या कुंपणाशी, जिथे बाबांनी तो कान कापला होता. डोळे भरून आले. डास फार आहेत म्हणून तिने बाहीने तोंड पुसलं. काउको दुसरीकडे बघत राहिला, कारण तो समजूतदार होता.

यादी पुन्हा जुळवायला साइमी टेकडीवर निघाली तेव्हा हिल्का तिच्याबरोबर वर गेली. नेटवर्क आल्याबरोबर याल्मारीचे निरोप येऊन पडले. पहिला सकाळचा होता: सगळ्या चाचण्या हिरव्या आहेत. दुसरा दुपारचा: बाकीची गिऱ्हाइकं विचारतायत. तिसरा आत्ताचा: ऑगस्टचं ते मी रद्द केलंय. आवृत्ती तयार आहे, बटणावर बोट ठेवून बसलोय. तुझा शब्द आला की दाबतो.

“काय म्हणतोय?” साइमीने विचारलं.

“वाट बघतोय.”

“मग सांग की त्याला.”

हिल्काने खाली बघितलं. कुंपणात अजून वीसेक पाडसं कान कापून घ्यायची राहिली होती. आल्मा खुर्ची ओढत कठड्याच्या आणखी जवळ सरकत होती.

“शेवटचं पाडस सुटू दे,” ती म्हणाली, आणि फोन खिशात टाकून टेकडी उतरायला लागली.